खाऱ्या पाण्यासाठी सोलर स्टिल : सात महिने वापरल्यावर

आमचं घर देवगड तालुक्यात अगदी किनाऱ्याला, मार्च उजाडला की विहीर मचूळ व्हायला लागते आणि मे मध्ये तर चहासुद्धा फाटल्यासारखा लागतो, आणि वरच्या वाडीतून पाणी आणायचं म्हणजे आईला सत्तरीत चढण चढायला लावायची. म्हणून नोव्हेंबरात सोलर स्टिल, म्हणजे समुद्राचं खारं पाणी उन्हावर गोडं करणारी पेटी, करून घेतलं. होड्यांचं फायबरचं काम करणाऱ्याकडून एकेक चौरस मीटरचे दोन उथळ ट्रे, आतून काळे, वर तिरकी काच, काचेच्या खालच्या कडेला पन्हळ आणि तिथून नळी कॅनमध्ये. बस्स. मोटर नाही, फिल्टर नाही, लाइट गेली तरी फरक नाही. ऊन पाणी तापवतं, वाफ काचेला लागून थेंब होतात, मीठ खाली राहतं.

आता खरा प्रश्न, पाणी किती? डिसेंबरात दोन्ही ट्रे मिळून पाच लिटरच्या आसपास, एप्रिलमध्ये कडक उन्हात साडेसहा-सात. ढग आले की निम्मं. आम्ही तिघं, पिण्यापुरतं होतं, स्वयंपाकाला नाही, हे आधीच डोक्यात धरा. मला आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, पण 1872 साली चिलीच्या वाळवंटात लास सालिनासला खाणीचं खारट पाणी असंच गोडं करायचे, तिथे सुमारे 4,700 चौरस मीटर काच होती आणि दिवसाला वीसेक हजार लिटर निघायचं, म्हणजे चौरस मीटरला चार-पाच लिटरच. पाण्याची वाफ करायला उष्णताच इतकी लागते की घरच्या ट्रेतून याच्या पुढे फारसं जात नाही.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवतो) घ्याच. समुद्राच्या पाण्याला माझा मीटर हातच टेकतो (लिटरला 35 ग्रॅम मीठ असतं हो!), विहीर मे मध्ये 1800 दाखवते आणि कॅनमधलं पाणी 10-15. फेब्रुवारीत एकदा अचानक 400 आलं, दोन दिवस कळेना, मग दिसलं की मीच ट्रे जास्त भरला होता आणि खारं पाणी पन्हळीत उतरत होतं. तेव्हापासून आत खूण करून ठेवलीय, पाणी दोन-तीन सेंटिमीटरच.

रोजचं काम म्हणजे सकाळी ऊन चढायच्या आत जेवढं उडालं त्याच्या दुप्पट-तिप्पट ताजं समुद्राचं पाणी ओतायचं आणि जादाचं वाहून जाऊ द्यायचं. हे आठवडाभर टाळलं तर तळाला पांढरा थर धरतो, काळा रंग झाकला जातो आणि पाणी कमी होतं. ते वाहतं पाणी कलमांच्या मुळाशी अजिबात जाऊ देऊ नका, आम्ही पाइप थेट पुळणीवर काढलाय.

सुरुवातीचे दहा-बारा दिवस पाण्याला फायबरचा आणि सिलिकॉनचा वास होता, ते सगळं ओतून दिलं, तुम्हीही द्या, काटकसर करू नका. चवीचं म्हणाल तर आईचं पहिलंच वाक्य, "ह्या पाण्याक चवच नाय रे." खरंय, सपक लागतं. आता ती कळशीत तांब्याभर विहिरीचं पाणी उकळून मिसळते आणि मनापासून पिते. वरच्या वाडीची खेप यंदा एकदाही झाली नाही, मला बाकी काही नको होतं.

काचेच्या कडेचं सिलिकॉन एका कोपऱ्यात सुटलंय, तिथून वाफ जाते. सध्या पाऊस लागलाय तर काचेवरचं पावसाचं पाणी वेगळ्या पन्हळीने धरतोय, ऑक्टोबरात काच उतरवून चारही कडा नव्याने भरणार.