यूव्ही मार्किंग मशीन: वॅट नंतर विचारा, आधी क्रिस्टलचं बोला

इंदूरला सांवेर रोडवर माझं लेसर मार्किंगचं जॉबवर्क आहे. फायबर लेसरचं मशीन आधीपासून होतं. बेअरिंग, पितळी व्हॉल्व्ह, नेमप्लेट असं काम त्यावर चालायचं. पण पांढऱ्या प्लॅस्टिकवर फायबरने बॅच नंबर मारला की अक्षराच्या कडा फुगतात, पिवळट डाग पडतो, वर वास. पिथमपूरच्या औषधवाल्यांचं काम घ्यायचं तर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचं मशीनच लागणार होतं. म्हणून ३५५ नॅनोमीटरचं, पाच वॅटचं, पाण्याने लेसर थंड ठेवणारं, चिलरवालं मशीन घेतलं. उन्हाळा-पावसाळा दोन्ही त्यावर काढल्यावर लिहिते आहे.

कामाला नाव ठेवायला जागा नाही. पांढऱ्या झाकणावर करडं-काळं अक्षर उमटतं, मिलिमीटरभर उंचीचं असलं तरी भिंगाखाली कडा स्वच्छ. पांढऱ्या रंगासाठी प्लॅस्टिकमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं, ते हे किरण शोषून काळवंडतं. भोवतालचं प्लॅस्टिक वितळेल एवढी आच तिथे पोचतच नाही. एका कंपनीची क्वालिटीवाली मुलगी आली होती. तिने आधी नखाने खरवडलं, मग पर्समधून स्पिरिटचा बोळा काढून घासला. बोळा पांढराच राहिला. "काकू, सगळ्या लॉटला एवढंच गडद येईल ना?" तिने विचारलं. येतं, पण मशीनच्या आतल्या क्रिस्टलची तब्येत ठीक असेल तरच.

ही क्रिस्टलची भानगड विक्रेता सांगत नाही. मला ती आमच्या सोसायटीतल्या, कॅट या इथल्या लेसर संशोधन केंद्रातून निवृत्त झालेल्या काकांनी सांगितली. (राजा रामण्णांचं नाव लागलं तरी इंदूरकरांना ते कॅटच.) या मशीनमधला लेसर मुळात यूव्ही नसतोच. तो १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. पहिल्या क्रिस्टलमध्ये त्यातला काही भाग ५३२चा हिरवा होतो. दुसऱ्यात तो हिरवा आणि उरलेला इन्फ्रारेड मिळून ३५५ तयार होतो. दोन्ही क्रिस्टल बहुधा एलबीओचे, म्हणजे लिथियम ट्रायबोरेटचे. चीनमध्ये फुजियानच्या संस्थेने १९८०च्या दशकात पुढे आणलेला पदार्थ. आत प्रकाशाच्या या लाटा लेझीमच्या रांगेसारख्या एका तालात चालायला हव्यात. तो ताल क्रिस्टलच्या कोनावर आणि तापमानावर ठरतो, म्हणून प्रत्येक क्रिस्टलला स्वतःची छोटी भट्टी असते. तापमान जरा सरकलं की यूव्ही घसरतो. सकाळी मशीन चालू केल्या केल्या मारलेले नग फिके येतात ते त्यामुळेच. आमच्याकडे आधी भंगार तुकड्यांवर मारून बघतात, मगच माल लावतात.

काकांनी आणखी एक मजेची गोष्ट सांगितली. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात फ्रँकेन आणि मंडळींनी रुबी लेसरचा ६९४चा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवला, तेव्हा निघाला ३४७चा, म्हणजे यूव्हीच. फोटोप्लेटवर त्याचा ठिपका इतका पुसट होता की छापताना तो डाग समजून काढून टाकला गेला, असं सांगतात.

आता माझी तक्रार. यूव्ही ज्या जागेतून जातो तिथे क्रिस्टल हळूहळू खराब होतो. म्हणून चांगल्या मशीनमध्ये क्रिस्टल थोडा सरकवून ताज्या जागेवर आणायची सोय असते. माझ्या मशीनमध्ये ती आहे, पण तिचा पासवर्ड विक्रेत्याने स्वतःकडे ठेवलाय. मार्किंग फिकं पडायला लागलं तेव्हा फोनवर उत्तर एकच: "करंट वाढवा, मॅडम." करंट वाढवून थकलेला क्रिस्टल बरा होत नाही, उलट आणखी तापतो. शेवटी त्यांचा माणूस आला, लॅपटॉप जोडला, जागा बदलली आणि झाकणावर पहिल्यासारखं गडद अक्षर उठलं. त्या एवढ्याशा कामासाठी माझा एक लॉट रखडला आणि व्हिजिटचे पैसे वेगळे गेले. विकत घेताना क्रिस्टलवर अशा किती जागा मिळणार, त्या कोण बदलणार आणि किती रुपयांत, हे कोटेशनवर लिहून घ्या.

फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला पडणारे लेसरचे ठोके (पल्स), वाढवली की काम लवकर उरकेल, असं ऑपरेटरला वाटतं. पण त्याने प्रत्येक पल्समधली ताकद कमी होते; ती कमी झाली की क्रिस्टलमध्ये रूपांतरही घटतं, आणि यूव्ही नुसता विरळ होतो. आमच्याकडे ती कमीच ठेवतो आणि स्कॅनचा वेग त्याप्रमाणे जुळवतो. पावसाळ्यात चिलरचं पाणी २५ अंशांच्या खाली नेऊ नका; दमट हवेत थंड काचेवर बाष्प धरतं. पाणी डिस्टिल्डच.

काचेच्या पेल्यावर नावं सुरेख येतात. नुसत्या पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनवर जवळजवळ काहीच उठत नाही, आणि धातूत खोल कोरायला हे मशीन म्हणजे वेळेचा चुराडा. तिथे फायबरच बरा.

मशीनबरोबर आलेला, लेसरपासून डोळे वाचवणारा चष्मा मात्र नीट बघा. फायबरचा चष्मा १०६४चा असतो, तो इथे चालेलच असं नाही. काडीवर ३५५ छापलेलं असायला हवं, आणि हिरवा गळत असेल तर ५३२ही.