वॉरंटीत डिस्क परत करायची, पण आतल्या माहितीचं काय? एन्क्रिप्शनचा १६ महिन्यांचा अनुभव

१६ महिन्यांपूर्वी मी घरातली एकूण एक डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं काही वाचताच येणार नाही अशी करून ठेवली. तोवर हे काम मोठ्या कंपन्यांचं, आपलं नव्हे, अशी माझी समजूत होती. ती बदलली एका बंद पडलेल्या डिस्कमुळे. तिची वॉरंटी दहा महिने शिल्लक होती, तरी मी ती परत देऊ शकले नाही. त्यानंतर ११व्या महिन्यात दुसरी डिस्क गेली आणि ती मी दोन दिवसांत निर्धास्तपणे कुरियरला दिली. या दोन्ही वेळी काय काय झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण डिस्क घेताना याचा विचार फार थोडे लोक करतात आणि ती गेल्यावर विचार करून काही उपयोग नसतो.

पहिली डिस्क २ टीबीची, यूएसबीवर चालणारी, बाहेरून जोडायची. मी घरून हिशेबाची कामं करते, त्यामुळे तिच्यावर माझ्यापेक्षा इतरांचंच जास्त होतं: बँकेची स्टेटमेंट, ओळखपत्रांच्या स्कॅन प्रती, सह्यांचे कागद. शिवाय वडिलांच्या आजारपणाचे सगळे रिपोर्ट. एका सकाळी जोडली तर टक्, टक्, टक् असा आवाज, मग फिरणं थांबल्याची बारीकशी घरघर, आणि पुन्हा टक्, टक्. संगणकाला ती दिसेचना. बॅकअप दुसरीकडे होता, त्यामुळे काही गमावलं नव्हतं. क्लेमचा अर्ज भरला, मंजूर झाला, पॅकिंगच्या सूचनाही आल्या. डिस्क फोमच्या तुकड्यांमध्ये ठेवताना एकदम लक्षात आलं, की यातलं काहीच पुसलेलं नाही. आणि पुसायचं म्हटलं तर ती आधी संगणकाला दिसायला हवी!

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “मॅडम, बंद पडलेल्या डिस्कमधलं कोणी काही बघू शकत नाही.” त्याला तसं सांगायला शिकवलेलं असेल, पण ते खरं नाही. डिस्क ‘मेली’ म्हणजे बहुतेक वेळा तिचा सर्किट बोर्ड गेलेला असतो, नाहीतर वाचणारं हेड. माहिती असते आतल्या चकत्यांवर, आणि त्या तशाच शाबूत असतात. बोर्ड गेला असेल तर त्याच जातीचा दुसरा बसवायचा, जुन्या बोर्डावरची त्या डिस्कची खास जुळवणी साठवलेली छोटी चिप नव्यावर हलवायची, की कितीतरी डिस्क पुन्हा वाचता येतात. माहिती परत मिळवून देणाऱ्यांचा धंदाच त्यावर चालतो. आणि परत आलेल्या डिस्क कंपनी फेकून देत नाही. त्या तपासल्या जातात, दुरुस्त होण्यासारख्या दुरुस्त होतात आणि रिसर्टिफाइड (म्हणजे पुन्हा तपासून पास केलेली) असं लेबल लागून दुसऱ्या कुणाला तरी बदली म्हणून जातात. यात गैर काही नाही, वॉरंटीच्या अटींत ते लिहिलेलं असतं. आतल्या माहितीची जबाबदारी ग्राहकाची, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

तिथे काम करणाऱ्यांवर माझा संशय नाही. पण डिस्क माझ्या हातातून सुटल्यावर कुरियर, गोदाम, तपासणी, दुरुस्ती असे किती हात लागतात आणि त्यात नीट पुसायचं काम नेमकं कुणी केलं, हे मला कधीच कळणार नाही. सिम्सन गार्फिंकल आणि अभी शेलाट या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या दोघांनी २००० ते २००२ च्या दरम्यान १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. त्यांतल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांवर ५००० हून जास्त क्रेडिट कार्ड क्रमांक, आजारपणाच्या नोंदी, पत्रव्यवहार असं बरंच सापडलं. त्या डिस्क तर चालू स्थितीत विकलेल्या होत्या, म्हणजे विकणाऱ्याला त्या पुसता आल्या असत्या.

मग मी बाकीचे मार्ग तपासले. चुंबक? घरातल्या चुंबकाने आजच्या डिस्कला काही होत नाही. डिगॉसर म्हणून जे ताकदवान यंत्र असतं, ते माहितीबरोबर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणाही पुसून टाकतं, म्हणजे डिस्क कायमची निकामी, आणि मग क्लेम नाकारला जाण्याची धास्ती. एसएसडीवर, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, तर डिगॉसरचा काही परिणामच होत नाही, कारण तिथे चुंबकावर काही लिहिलेलंच नसतं. भोक पाडणं, उघडणं म्हणजे सील तुटलं आणि वॉरंटी संपली. डेल, एचपी, लेनोवो यांच्याकडे कार्यालयीन मशीनसाठी खराब डिस्क स्वतःकडेच ठेवून बदली मिळण्याची सोय असते, पण ती वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. माझ्या सुट्या डिस्कला तसलं काही नव्हतं.

शेवटी मी क्लेम सोडून दिला. वडिलांचे रिपोर्ट आणि लोकांनी माझ्या भरवशावर दिलेले कागद यांच्या बदल्यात नवी डिस्क घेणं मला जमलं नाही. टॉर्क्सचा छोटा स्क्रूड्रायव्हर आणून ती उघडली (एक स्क्रू लेबलच्या खाली लपलेला असतो, तो बोटाने चाचपून शोधावा लागतो), चकती जाड कापडात गुंडाळली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि हातोडीचा एक घाव घातला. अडीच इंची डिस्कमधली चकती बहुधा काचेची असते. माझीही होती. कापड उघडलं तर आरशासारखे बारीक तुकडे.

त्याच आठवड्यात एन्क्रिप्शनचं काम सुरू केलं. हे करणारी सॉफ्टवेअरं वेगवेगळी असतात: लिनक्सच्या डेस्कटॉपवर आणि त्याच्या बॅकअप डिस्कवर लक्स, विंडोजच्या लॅपटॉपवर बिटलॉकर, आणि दोन्हीकडे फिरणाऱ्या बाहेरच्या डिस्कवर व्हेराक्रिप्ट. मॅक वापरणाऱ्यांना हेच काम फाइलव्हॉल्ट करून देतं.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला थोडी उशिरा कळली: एन्क्रिप्शन कोऱ्या डिस्कवर करायचं असतं. वापरात असलेल्या डिस्कवर नंतर केलं तर जुनी उघडी माहिती कुठे कुठे राहून जाऊ शकते. बिटलॉकर विचारतो, फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की अख्खी डिस्क? पहिला पर्याय पटकन उरकतो, पण डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष रिकाम्या जागेत तसेच उघडे राहतात. डिस्क नवी असेल तरच तो घ्यावा. एसएसडीची गोष्ट आणखी अवघड. तिच्यात आपल्याला दिसते त्याहून जास्त जागा असते आणि कुठली माहिती कुठे लिहायची ते तिचा कंट्रोलर, म्हणजे आतली कारभार बघणारी चिप, ठरवतो. आपण एखाद्या फाइलवर पुन्हा लिहिलं असं आपल्याला वाटतं, एसएसडी मात्र नवं दुसरीकडे लिहिते आणि जुनं तिथेच सोडते. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी दाखवलं होतं, की काही एसएसडींमध्ये स्वतःला पुसून घेण्याची कमांडसुद्धा नीट काम करत नव्हती. म्हणून मी प्रत्येक डिस्क आधी रिकामी केली, आतली पुसण्याची कमांड चालवली, मग एन्क्रिप्ट केली आणि त्यानंतरच माहिती परत आणली. दोन शनिवार-रविवार गेले.

डिस्कच्या आतच असलेल्या एन्क्रिप्शनवर विसंबायचं नाही, हेही तेव्हाच ठरवलं. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी काही नावाजलेल्या एसएसडींचं अंगचं एन्क्रिप्शन पासवर्ड नसताना ओलांडून दाखवलं. बिटलॉकर तेव्हा अशा डिस्कवर भरवसा ठेवून स्वतः काही करत नसे. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ती पद्धत बदलली.

वेगाबद्दल सगळे विचारतात. फिरत्या डिस्कवर मला काडीचाही फरक जाणवला नाही. एनव्हीएमई या वेगवान जातीच्या एसएसडीवर चाचणीच्या आकड्यांत थोडी घट दिसते, कामात नाही. प्रोसेसरमध्ये एईएससाठी, म्हणजे एन्क्रिप्शनच्या नेहमीच्या पद्धतीसाठी, वेगळ्या सूचना २०१० पासून यायला लागल्या, त्यामुळे आजच्या मशीनला हे ओझं नाही.

आता दुसरी डिस्क. ४ टीबीची, लक्सवर, बॅकअपसाठी ठेवलेली. ११व्या महिन्यात स्मार्टच्या अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांच्या, डिस्कवरच्या छोट्या छोट्या भागांच्या, मोजणीत, ० च्या जागी ८ दिसले. चार दिवसांनी २४, त्याच्या दुसऱ्या दिवशी ११२. त्या संध्याकाळी एक फोल्डर उघडायला दीड मिनिट लागलं. मी क्लेम टाकला.

अशा अर्धवट जिवंत डिस्कला पुसून पाठवू, असं वाटतं. ते दिसतं तितकं सोपं नाही. ४ टीबीवर सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने एकदा लिहायला साडेसात तास लागतात, आणि मरत्या डिस्कवर तो वेग कुठला मिळायला? शिवाय जे सेक्टर डिस्कने आधीच खराब ठरवून बाजूला काढले, त्यांच्यापर्यंत नेहमीचं पुसणं पोचतच नाही, जुनी माहिती त्यात राहते. मला यातलं काहीच करावं लागलं नाही. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीचं हेडर, म्हणजे सुरुवातीचा राखीव भाग, साधारण १६ एमबीचं असतं आणि अख्ख्या डिस्कची किल्ली त्यातच, पासवर्डने गुंडाळून ठेवलेली असते. लक्स हाताळणाऱ्या क्रिप्टसेटअप या प्रोग्रॅमची एक कमांड दिली, किल्लीचे सगळे कप्पे पुसले गेले. हे दोन सेकंदांत झालं. उरलं ते ४ टीबी अर्थहीन आकडे. घरात ठेवलेली हेडरची प्रतही मग काढून टाकली. आणि समजा पहिल्या डिस्कसारखी हीसुद्धा दिसेनाशी झाली असती, तरी सात शब्दांचा पासवर्ड मध्ये उभा होताच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अँटिस्टॅटिक पिशवीत घातली, खोक्याला टेप लावली आणि कुरियरवाल्याच्या हातात दिली. पावती घेतली आणि कामाला लागले. मागच्या वेळी हेच खोकं आठवडाभर टेबलावर उघडं पडलं होतं.

एसएसडीवाल्यांसाठी एक मुद्दाम सांगते. काही एसएसडी आयुष्य संपल्यावर फक्त वाचण्यापुरत्या उरतात. फाइली दिसतात, उघडतात, कॉपी होतात, पण लिहिता येत नाही आणि म्हणून पुसताही येत नाही. अशी एसएसडी एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती परत देणं म्हणजे उघडं कपाट हातात देण्यासारखं आहे.

बदली डिस्क नऊ दिवसांत आली, अर्थात रिसर्टिफाइड. वापराचे तास ०, सुरुवातीचे सेक्टर उघडून पाहिले तर सगळीकडे शून्यं. कुणीतरी आपलं काम नीट केलं होतं, त्याचं बरं वाटलं. तिच्यावर लक्स तयार करून त्यातूनच शेवटपर्यंत शून्यं लिहिली. प्रत्यक्ष डिस्कवर त्याचे विस्कळीत आकडे उमटतात आणि जाता जाता प्रत्येक सेक्टरची परीक्षाही होते.

त्रास कुठे झाला तेही सांगायला हवं. एन्क्रिप्ट केलेली डिस्क टीव्हीला लावली तर दिसत नाही. लॅपटॉपचं बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं आणि सकाळी बिटलॉकरने रिकव्हरी की, म्हणजे अडचणीच्या वेळची किल्ली, मागितली, ४८ आकडी. ती कागदावर लिहिलेली होती म्हणून निभावलं, पण टाइप करताना हात थरथरत होते. पासवर्ड विसरला तर कुणीही मदत करू शकत नाही, आणि हेडर बिघडलं तर पासवर्ड आठवूनही उपयोग नाही, म्हणून हेडरची प्रत वेगळी ठेवावीच लागते. बाकी एखादा सेक्टर खराब झाला तर फक्त तेवढाच जातो, अख्खी डिस्क जात नाही. ती भीती मलाही होती, ती खोटी निघाली. बॅकअपची गरज मात्र पूर्वीइतकीच राहते. आणि मला काही झालं तर घरच्यांना हे उघडता यायला हवं, म्हणून पासवर्ड आणि कृती लिहून एक बंद पाकीट बहिणीकडे दिलं आहे.

सगळ्यात मोठा धोका मात्र विंडोजच्या एका खिडकीचा. व्हेराक्रिप्ट किंवा लक्सची डिस्क लावली की विंडोज तिला ओळखत नाही आणि ‘फॉरमॅट करायची का?’, म्हणजे सगळं पुसून कोरी करायची का, असं विचारतं. एकदा भाच्याने माझी डिस्क त्याच्या लॅपटॉपला लावली. मी स्वयंपाकघरात होते. “मावशी, ही फॉरमॅट करू का विचारतंय, हो म्हणू?” मी हातातलं तसंच टाकून धावत बाहेर आले. त्या दिवसापासून प्रत्येक डिस्कवर पट्टी चिकटवली आहे: फॉरमॅटला ‘नाही’ म्हणा. खाली खरेदीची आणि वॉरंटी संपण्याची तारीख.

मागच्या महिन्यात त्याच भाच्याने नवा लॅपटॉप घेतला. काहीही कॉपी करायच्या आधी तो माझ्याकडे घेऊन आला. बिटलॉकर चालू केला, रिकव्हरी की पडद्यावर आली, सहा सहा आकड्यांचे आठ गट. तो एकेक गट मोठ्याने वाचत गेला आणि मी लिहीत गेले. मग मी वाचलं आणि त्याने पडद्याशी ताडून पाहिलं. पाचव्या गटात मी ७ च्या जागी १ लिहिला होता. तो खोडून दुरुस्त केला आणि त्याने कागदाची घडी घालून लॅपटॉपच्या बिलाबरोबर फाइलमध्ये ठेवली.