गळकी फिशटँक: आतून सिलिकॉन, पूर्ण नवी जोडणी की सरळ नवी टाकी?

सकाळी टाकीखालचा थर्माकोल ओला दिसला की लगेच दुकान गाठू नका. मी एकदा दोन दिवस काचेचे सांधे तपासत बसलो होतो, आणि पाणी उतरत होतं एअरपंपाच्या नळीवरून, थेंब थेंब. आधी नळी काढा, टाकी बाहेरून कोरडी पुसा, खालच्या कडेला वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावा. कुठली पट्टी आधी भिजते ते बघा. पाणी उतरत जाऊन एका रेषेवर थांबलं, तर गळती त्याच उंचीवर.

सांधाच गळत असेल, तर बाहेरून सिलिकॉन फासण्याची वाट मी धरतच नाही. आतलं पाणी त्या थराला बाहेर ढकलतं आणि तो सोलून निघतो.

दोन फुटी टाकीला (24×12×12 इंच, काठोकाठ साधारण 57 लिटर) मी आतून सिलिकॉनची नवी कड देतो. 280-300 मिलीची एक ट्यूब पुरून उरते. मेहनत खरी खरवडण्यात. नवं सिलिकॉन जुन्या वाळलेल्या सिलिकॉनला नीट धरत नाही, म्हणून गळक्या जागेपुरतं बोटभर लावून भागत नाही. आतल्या सगळ्या कडा ब्लेडने साफ करायच्या, पण दोन काचांच्या मधल्या थरात पातं घुसवायचं नाही. मग स्पिरिटने पुसून, दोन्हीकडे मास्किंग टेप लावून सिलिकॉन भरायचं, ओलं बोट एका दमात फिरवायचं आणि साय धरायच्या आत टेप ओढायची. ट्यूबवर ‘अँटीफंगल’ लिहिलं असेल तर ती बाथरूमलाच ठेवा; त्यातलं बुरशीनाशक माशांच्या जिवावर उठतं. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन चालतं, फक्त वास पूर्ण जाऊ द्या. पावसाळ्यात ते वाळणार नाही ही भीती उगाच आहे: काच कोरडी असली की झालं, सिलिकॉन हवेतल्या दमटपणानेच पकतं.

मधला थरच सुटला असेल, सांध्यात बुडबुडे किंवा लांब पांढरट पट्टे दिसत असतील, तर आतली कड किती दिवस तग धरणार? तिथे पाचही काचा सोडवून पुन्हा जोडणं हाच इलाज. दोन फुटीत हौस म्हणून करा. दीड फूट उंचीची तीन फुटी असेल, तर टाक्या बांधणाऱ्या कारागिराकडे द्या. सांध्यावरचा दाब पाण्याच्या उंचीने वाढतो, लांबीने नाही; उंच टाकीत चूक महागात पडते, आणि दीडशे लिटर पाणी खालच्या मजल्यावर गेलं की सोसायटीत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

तळाच्या काचेला तडा असेल तर नवी टाकी घ्या. मजुरी नव्या टाकीच्या निम्म्यावर गेली, तरी मी नवीच घेतो. तिथे मासे त्याच दिवशी हलवता येतात, जुनं पाणी आणि जुना फिल्टर सोबत नेला तर. दुरुस्तीत मात्र लहान टाकीलाही तीन दिवस, मोठीला आठवडा. तोवर मासे टबात, फिल्टर त्यातच चालू. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे त्यातले जिवाणू नळाच्या क्लोरीनने मेले की अमोनिया चढतो.

चाचणी मोरीत घ्या, सपाट फळीवर थर्माकोल टाकून, 24 तास पूर्ण भरून. जागेवर नेताना आधी रिकामी करा. भरलेली टाकी उचलली की नवा सांधा पिळतो.