नेक्स्टक्लाउड: ऑफिसच्या फायली स्वतःच्या सर्व्हरवर आणल्यानंतर

आमचं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे. लोकांची पॅनकार्डं, बँक स्टेटमेंटं, जुनी रिटर्न्स असं सगळं वर्षानुवर्षं परदेशी क्लाउडवर होतं. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या तेल शुद्धीकरण कंपनीवर निर्बंध लादले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिला दिलेल्या सेवा थांबवल्या. भारतात नोंदलेली, मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी, आणि स्वतःचीच ईमेल उघडेना. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. आमच्यावर अशी वेळ आली तर आम्ही कुठे जाणार? म्हणून नेक्स्टक्लाउड बसवलं, म्हणजे फायली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून सगळीकडून वापरता येणारं खुलं सॉफ्टवेअर.

फ्रँक कार्लिचेक यांनी 2016 मध्ये ओनक्लाउड या अशाच जुन्या प्रकल्पातून बाहेर पडून हा प्रकल्प सुरू केला. कोड खुला होता म्हणूनच ते शक्य झालं, आणि उद्या नेक्स्टक्लाउडचं धोरण बिघडलं तर तोच रस्ता इतरांनाही मोकळा आहे.

मला सर्वात भावलेली गोष्ट अगदी साधी आहे. सर्व्हरवरचं एन्क्रिप्शन (फायली किल्लीशिवाय वाचता न येण्याजोग्या करणं) चालू केलेलं नसेल, तर डिस्कवर फायली नेहमीच्या फोल्डरमध्ये, नेहमीच्या नावाने असतात. सॉफ्टवेअर पूर्ण कोसळलं तरी डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला जोडायची आणि फाइल उघडायची. ‘डेटा आपला’ म्हणायला मला एवढा पुरावा लागतो. त्याची दुसरी बाजूही आहे: मशीन चोरीला गेलं तर फायलीही उघड्या. त्यामुळे आम्ही अख्खी डिस्कच लक्सने (लिनक्सवरची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय) एन्क्रिप्ट केली आहे; पासवर्ड असेल तरच ती उघडते.

मराठी नावांच्या फायली लॅपटॉप आणि फोनवर बिनचूक सिंक होतात. ब्राउझरमध्ये कोलाबोरावर (नेक्स्टक्लाउडला जोडता येणारं ऑफिस सॉफ्टवेअर) युनिकोड मराठी नीट दिसतं. श्रीलिपीतल्या, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, जुन्या पत्रांचं मात्र वाचता न येणारं कडबोळं होतं. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात.

खरी डोकेदुखी ब्रॉडबँडची. बऱ्याच जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच इंटरनेट पत्ता वाटलेला असतो आणि बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचायला पत्ताच नसतो. स्टॅटिक आयपीचे (कायम न बदलणाऱ्या पत्त्याचे) पैसे वेगळे मोजा, नाहीतर वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरने सर्व्हरपर्यंत सुरक्षित बोगदा करा. आम्ही बोगदा केला. वीज गेली तर म्हणून यूपीएसही हवाच.

अपडेट टाळून चालत नाही. प्रत्येक मोठी आवृत्ती साधारण वर्षभर सांभाळली जाते आणि मधली आवृत्ती ओलांडून थेट पुढच्या आवृत्तीवर जाता येत नाही. बॅकअपही तुम्हीच घ्यायचा. आमचा रेस्टिक या बॅकअप सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट होऊन दुसऱ्या गावातल्या डिस्कवर जातो, आणि अधूनमधून तिथून फायली परत उतरवून तपासतो. हे करणारं माणूस नसेल तर देशातल्या एखाद्या होस्टिंगवाल्याकडून चालवलेलं नेक्स्टक्लाउड घ्या. न पटल्यास तेच फोल्डर आणि डेटाबेस उचलून दुसरीकडे जाता येतं.

कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट अजून जुन्या खात्यावर आहेत. रिटर्नचा हंगाम संपला की तेही इकडे आणणार आहोत.