वडोदरा: पोराला स्ट्रेन्थ ट्रेनिंगला घालताय? आधी कोचचं टाइमटेबल विचारा

मुलगा फास्ट बॉलिंग टाकतो, कंबर धरायला लागली म्हणून ओल्ड पादरा रोडच्या बाजूला एक स्ट्रेन्थ सेंटर आहे तिथे घातलं. खाली तक्रार पण आहे म्हणून नाव लिहीत नाहीये.

आत आरसे नाहीत, गाणी नाहीत, ट्रेडमिल एकच आणि त्यावर टॉवेल वाळत घातलेले. बायसेप्सवाल्यांनी येऊच नये. तिथल्या कोच सरांनी सुरुवातीला वजनाला हातच लावू दिला नाही, एका खोक्यावरून नुसतं एका पायावर खाली उतरायला लावलं, मोबाईलवर स्लो मोशन काढलं आणि मला दाखवलं, उजवा पाय बरोबर पण डावा गुडघा उतरताना आत जातोय. राइट आर्म बॉलरचा पुढचा पाय तोच, बॉल टाकताना त्यावर अंगाच्या वजनाच्या पाच-सहा पट जोर येतो, मग दुखणार नाही तर काय. नंतर हेक्स बारची डेडलिफ्ट, म्हणजे षटकोनी बारच्या आत उभं राहून जमिनीवरून वजन उचलायचं, ती पण हलकी, आणि नॉर्डिक, म्हणजे गुडघ्यावर उभं राहायचं, मागे कोणीतरी टाचा दाबून धरायच्या आणि कमरेत न वाकता हळूहळू पुढे जायचं. आमचे चिरंजीव हळूहळू वगैरे काही नाही, धप्पकन तोंडावर 😄 आता बऱ्यापैकी जमतं, कंबरेची कुरकुर पण कमी आहे.

फी साध्या जिमच्या तिप्पट. आमचे बाबा दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळलेले, आकडा ऐकून म्हणाले जोर-बैठकांना कोणी पैसे देतं का. मग एकदा स्वतः बघायला आले, प्रत्येक पोराचं वजन, सेट, झोप सगळं वहीत आणि मॅचच्या आठवड्यात सेट निम्मे, तेव्हा म्हणाले हा वस्ताद आहे, राहू दे.

भाच्याला स्ट्रेन्थ कोचचंच करिअर करायचंय, तो पण एकदा आला होता. सर म्हणाले डिग्री घे, सीएससीएसची, म्हणजे स्ट्रेन्थ कोचच्या सर्टिफिकेटची परीक्षा दे, पण आधी शाळेच्या पोरांना शिकव, मोठ्या टीमची स्वप्नं नंतर. १९६९ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का युनिव्हर्सिटीने बॉइड एप्लीला फुटबॉल टीमचा स्ट्रेन्थ कोच म्हणून ठेवलं तेव्हा हेड कोचने म्हणे बजावलं होतं, एक जरी प्लेअर स्लो झाला तर तुझी सुट्टी, आणि नोकरी आजही तशीच आहे. आपल्या इंडिया क्रिकेट टीमच्या ट्रेनरचंच बघा, शंकर बासू २०१९ च्या वर्ल्ड कपनंतर गेले, मग निक वेब, मग सोहम देसाई, तेही २०२५ मध्ये गेले. प्लेअर जिंकला तर नाव बॅटिंग कोचचं आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेली की सगळे ट्रेनरकडे बघणार. भाचा परत येताना गप्पच होता, पण फॉर्म आणलाय त्याने.

आता तक्रार. सर स्वतः एका टीमबरोबर जातात, सीझन सुरू झाला की गायब, आणि हे अ‍ॅडमिशन घेताना कोणी सांगत नाही. मागे राहतो असिस्टंट, पोरगा चांगला आहे पण वहीत लिहिलंय तेवढंच करून घेतो, गुडघा आत गेलेला त्याला दिसत नाही, मलाच ओरडावं लागतं. फी मात्र पूर्ण. अहो चांगला कोच आहे म्हणूनच टीम बोलावते हे कळतं मला, पण मग त्या महिन्यांचे पैसे तरी कमी घ्या की.

पाचपैकी चार स्टार, सर असतील तेव्हाचे. नसतील तेव्हा अडीच. तीन-तीन महिन्यांचं पॅकेज गळ्यात मारतात ते घेऊ नका, महिन्याचंच घ्या, आणि सकाळची बॅच मागा, संध्याकाळी वजनाच्या एका रॅकला (स्टँडला) चार जण असतात.