अडीचशेचं हेल्मेट आणि हजाराचं हेल्मेट: इंदूरच्या बाजारात काय घ्यावं

१ ऑगस्ट २०२५ पासून इंदुरात हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागू झाला आणि पंपांच्या आसपास फुटपाथवर हेल्मेटांचे ढीग लागले. कोणी पंपापुरतं शेजारच्याचं हेल्मेट मागून घेतलं, एकाने तर दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून टाकी भरून घेतली. त्या व्हिडिओवर शहर हसलं. पण ज्यांनी तेव्हा घाईघाईने फुटपाथवरून अडीचशेचं हेल्मेट उचललं, त्यांच्याही डोक्यावर झाकणच आहे, फक्त रंगीत. टिळकनगरापासून सुदामानगरापर्यंत कितीतरी घरांत ते अजून खुंटीला लटकलेलं दिसतं, म्हणून हा बाजाराचा आढावा. दुकानांची नावं यात नाहीत. हेल्मेट हातात घेतल्यावर काय बघायचं ते आहे.

आधी हे किती गरजेचं आहे ते बघू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत अपघातांच्या संख्येत दिल्लीच्या (५,६५२) खालोखाल इंदूर (४,६८०) होतं. त्याच वर्षी देशभरात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. म्हणजे घरात एक हेल्मेट असून भागत नाही.

“राजवाड्यापर्यंतच तर जायचंय, तिथे गाडी वीसच्या वर जाते कुठे?” हे वाक्य इंदुरात रोज ऐकू येतं. त्याला हिशेबाने उत्तर देता येतं. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी असताना नुसतं कलंडून पडलं तरी डोकं जमिनीला ताशी १९-२० किलोमीटरच्या वेगाने आपटतं. गाडीच्या वेगाचा त्यात संबंधच नाही. आता हा वेग शून्यावर यायला डोक्याला जागा किती मिळते, त्यावर सगळं ठरतं. हेल्मेटातला थर्माकोल दोन सेंटिमीटर दबला तर डोक्यावर येणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७५ पट होतो. तीनच मिलिमीटर दबणारा स्पंज असेल तर तोच झटका ५०० पटीच्या घरात जातो. हेल्मेटाची किंमत म्हणजे या दोन सेंटिमीटरांची किंमत. वरचा चकचकीत रंग, मागचा स्पॉयलर, ज्वाळांचे स्टिकर यांचा या हिशेबात काही वाटा नाही.

फुटपाथवरचं दोन-तीनशेचं हेल्मेट उलटं करून आत बघा. अस्तर बोटाने बाजूला सारलं की बहुतेक वेळा खाली पातळ स्पंज आणि त्याखाली थेट प्लास्टिक दिसतं. हवा तो दाट, कडक, पांढरा किंवा काळा थर्माकोल, म्हणजे ईपीएस. तो अंगठ्याने दाबला तर सहजी दबत नाही, आणि कपाळापासून मानेपर्यंत सलग अडीच-तीन सेंटिमीटर जाड असतो. फुटपाथवरच्या मालात कधीकधी थर्माकोल असतोही, पण फक्त माथ्याला. कानशिलाच्या बाजूला पोकळी असते. स्कूटरवरून माणूस बाजूला पडतो, माथ्यावर क्वचितच. मग दोन्ही तळव्यांनी हेल्मेटाच्या बाजू आत दाबा. कवच कचकन आत गेलं तर ते परत ठेवा. शेवटी पट्टा बघा. कवचाला बारीकशा रिव्हेटने जोडलेला पट्टा दोन-तीन हिसड्यांत सैल होतो, आणि हेल्मेट डोकं आपटायच्या आधीच उडून जातं.

विक्रेता म्हणतो, “भिया, आयएसआय है, स्टिकर देखो.” स्टिकर कुणीही छापतो. दुचाकीच्या हेल्मेटाचं मानक आहे आयएस ४१५१. खऱ्या शिक्क्यात आयएसआय चिन्हाच्या वर हा मानक क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. नकली स्टिकरवर बहुतेकदा हा खालचा क्रमांक गायब असतो, किंवा असतो पण भलत्याच कंपनीचा निघतो. फोनमध्ये बीआयएसचं, म्हणजे आयएसआय शिक्का देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचं, बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप टाकून तिथे तो क्रमांक भरा. कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते समोर येतं. पॅकिंगवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे. दुकानात उभ्या उभ्या एक मिनिटाचं काम आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं हाच गुन्हा आहे, तेव्हा दुकानदार वैतागला तरी संकोच नको. नुसतं ‘डीओटी’ लिहिलेलं स्टिकर अमेरिकी मानकाचं. तिथेही निर्माता ते स्वतःच लावतो आणि इथे ते आयएसआयच्या जागी चालत नाही. बांधकामावरची पिवळी टोपीही पंपावर दिसते. तिचं मानक वेगळं आहे, आयएस २९२५, आणि ती वरून पडणाऱ्या विटेसाठी असते, रस्त्यावर पडणाऱ्या माणसासाठी नाही.

आता खरेदीलायक माल. आयएसआयचं उघड्या तोंडाचं हेल्मेट साधारण सातशे ते हजारात मिळतं. गावातल्या गावात, पोहे-जिलबी आणायला, मुलांना शाळेत सोडायला, सराफ्यात रात्री फिरायला हे ठीक. कान पूर्ण झाकले गेले पाहिजेत. कानाच्या वरच संपणारी वाटीच्या आकाराची हेल्मेटं दिसायला ऐटदार, पण घेऊ नयेत. उघड्या हेल्मेटाची मर्यादा हनुवटी. अपघातग्रस्त हेल्मेटांवरच्या खुणांचा जर्मनीत अभ्यास झाला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटी-जबड्याच्या भागात सापडले होते. त्यामुळे रोज बायपासवरून पिथमपूर, देवास किंवा महूकडे जाणाऱ्याने उघडं हेल्मेट घेऊच नये.

पूर्ण तोंडाचं हेल्मेट अकराशे ते अठराशे. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त संरक्षण याच टप्प्यात मिळतं, आणि आमची पसंती हीच. स्टड्स, स्टीलबर्ड, वेगा यांचे साधे, एकरंगी नमुने या किमतीत बसतात. (वेगा बेळगावची कंपनी आहे, हे पुष्कळ इंदुरी मराठी मंडळींना ठाऊक नसतं.) त्याच नमुन्यावर चित्रं काढली की दोन-तीनशे रुपये वाढतात, आतला थर्माकोल तोच राहतो. ते पैसे वाचवून जास्तीची एक पारदर्शक काच घ्यावी. पुढचा भाग उचलता येणारं फ्लिप-अप चष्मेवाल्यांना सोयीचं. खटका धातूचा आहे ना एवढं बघा आणि गाडी चालवताना ते उघडं ठेवू नका. चार-पाच हजारांच्या पुढची हेल्मेटं लांब पल्ल्याच्या लोकांसाठी. वारा, आवाज, वजन यांत फरक जाणवतो, पण शहरापुरता तो खर्च आवश्यक नाही.

माप. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि दुकानदारही घाई करतात. शिंप्याचा टेप घ्या, भुवयांच्या वर एक बोट जागा सोडून डोक्याभोवती गुंडाळा, मागे सगळ्यात फुगीर भागावरून न्या. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा. आता हेल्मेटावरचं एम, एल वाचू नका, शेजारचा मिलिमीटरचा आकडा वाचा. एका कंपनीचं एल ५८० असतं, दुसरीचं ६००. घातल्यावर गाल थोडे दाबले जाऊन तोंड फुगल्यासारखं वाटलं पाहिजे, कारण गालाच्या गाद्या महिन्याभरात बसतात. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवा: कपाळाची कातडी सोबत हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं. पट्टा बांधून मागच्या खालच्या कडेला धरून पुढे वर खेचा; ते डोळ्यांवर येऊन निघत असेल तर ते तुमच्यासाठी नाही, भलेही आयएसआय असो. दहा-पंधरा मिनिटं घालून दुकानातच बसा. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वण उठला आणि तिथे दुखत असेल तर त्या कंपनीचा साचा तुमच्या डोक्याच्या आकाराचा नाही. माप वाढवून उपयोग नाही, कंपनी बदला. “वापरून सैल होईल” हे गालांबाबत खरं, कपाळाबाबत नाही.

पट्ट्यात तीन प्रकार येतात. दोन कड्यांचा डी-रिंग सगळ्यात भरवशाचा, पण रोज बांधायचा कंटाळा येतो आणि माणूस तो न बांधताच निघतो. दातेरी पट्टी सरकवायचं बक्कल रोजच्या वापराला उत्तम. प्रत्येक वेळी नेमकं घट्ट करता येतं. प्लास्टिकच्या टिचकी क्लिपची लांबी एकदाच ठरवावी लागते आणि घरातली दोन माणसं एकच हेल्मेट वापरत असतील तर ती नेहमी एकाला सैल होते. पट्टा आणि हनुवटी यांत दोन बोटं जातील इतकंच अंतर. योग्य हेल्मेट नीट घातलं तर मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो, असं जगभरचे अभ्यास एकत्र तपासून काढलेले आकडे सांगतात. न बांधलेल्या पट्ट्याला हे आकडे लागू नाहीत.

बायकांच्या अडचणी दुकानात कोणी विचारत नाही. अंबाडा घालून हेल्मेट बसत नाही, पुढे कलतं आणि कपाळ उघडं पडतं. केस मानेवर खाली बांधावे लागतात. इंदूरच्या उन्हात मुली तोंडाला जाड ओढणी गुंडाळतात आणि तिची गाठ मागे हेल्मेटाखाली येते. पडल्यावर जोर नेमका त्या गाठीवर येतो, शिवाय हेल्मेट अर्धा इंच वर उचललेलं राहतं. पातळ सुती टोपी किंवा बलाक्लावा (डोकं, तोंड आणि मान झाकणारी, गाठ नसलेली टोपी) घाला आणि माप तो घालूनच घ्या.

लहान मुलांसाठी बाजार फार पडका आहे. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण ५० सेंटिमीटर; मोठ्यांचं ५६० मिलिमीटरचं हेल्मेट त्याच्यावर गरगर फिरतं आणि त्याच्या मानेला वजनच जास्त होतं. कार्टूनची चित्रं असलेली बरीच हेल्मेटं खेळण्यातली असतात, शिक्का तिथेही बघायचा. पगडी घातलेले शीख सोडले तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने लागतंच. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडलेला सुरक्षा पट्टा आणि वेग ताशी ४० च्या आत. या वयासाठी नियमात सायकलचं हेल्मेटही चालतं, आणि वजनाला हलकं म्हणून तेच बरं पडतं.

घेतल्यावर हेल्मेट खराब होतं ते बहुधा उभ्या गाडीवर. आरशाच्या दांड्यावर अडकवलं की दांड्याचं टोक थर्माकोलमध्ये खळगा पाडतं. नेमका तो भाग पुढे कामाला येत नाही. बऱ्याच स्कूटरांच्या डिकीत पूर्ण तोंडाचं हेल्मेट बसत नाही, मग लोक सीट दाबून बसवतात आणि काचेची बिजागरी तुटते. खरेदीला जाताना स्कूटर घेऊनच जा आणि डिकीत घालून बघा. बसत नसेल तर सीटखालच्या हुकाला पट्ट्याच्या कडीने अडकवा. वरचं कवच पेट्रोल, रॉकेल किंवा थिनरने पुसू नका. प्लास्टिक आतून ठिसूळ होतं आणि वरून काही कळत नाही. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, जायचं असेल तर जुनं हेल्मेटही नेऊ नका, घरीच ठेवा. धुवायचं ते कोमट पाणी आणि शाम्पूने, सावलीत वाळवायचं. काच कोरड्या फडक्याने पुसली की धुळीचे ओरखडे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्याभोवती वलयं दिसू लागतात. अशी काच अडीच-तीनशेत बदलून मिळते, बदलावी. काळी काच संध्याकाळनंतर अजिबात नको.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो आणि तो परत फुगत नाही. म्हणून जुन्या बाजारातलं वापरलेलं हेल्मेट कितीही चांगल्या कंपनीचं असो, सोडून द्या. आपटलं नसलं तरी निर्मितीच्या तारखेपासून पाचेक वर्षांत बदला. तारीख आतल्या लेबलवर असते, आणि दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल सवलतीत विकतात तेव्हा तीच आधी वाचायची. नव्या गाडीसोबत शोरूममधून मिळणाऱ्या हेल्मेटालाही हीच सगळी तपासणी लावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमाप्रमाणे गाडीसोबत बीआयएस दर्जाचं हेल्मेट द्यायचं असतं. सीएम/एल नसलेलं देत असतील तर बदलून मागा, आणि तुमचं माप एल असताना एम देत असतील तर तेही.