फ्रेंच स्वरांसाठी प्राट वापरून पाहिलं : काही महिन्यांनंतरचा अनुभव

प्राट हे फ्रेंच शिकवणारं ॲप नाही, हे आधीच सांगते. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ध्वनिशास्त्राच्या अभ्यासासाठी केलेलं हे सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, आणि उघडल्यावर ज्या दोन रुक्ष खिडक्या समोर येतात त्या बघून निम्मे लोक ते तिथेच बंद करत असतील. मी आणि ऑफिसातली माझी एक मैत्रीण गेले काही महिने फ्रेंच स्वर घासण्यासाठी ते वापरतोय. ती ओंटारियोत वाढलेली, घरीदारी इंग्रजीच. मी पुण्याची, घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. क्वेबेक या कॅनडातल्या फ्रेंच भाषक प्रांतातल्या मॉन्ट्रियलमध्ये दोघींची तक्रार एकच : आपण फ्रेंचमध्ये विचारायचं आणि समोरच्याने गोड हसून इंग्रजीत उत्तर द्यायचं. व्याकरण कामचलाऊ होतं, शब्दही होते. घोडं अडत होतं ते स्वरांपाशी.

त्याआधी पैसे भरून एक ॲप घेतलं होतं. नाव घेत नाही. त्यात वाक्य बोललं की हिरवी खूण येते, पण ती खूण स्वराला नसते, वाक्याला असते. तुम्हाला काय म्हणायचं असेल ते यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून ताडतं आणि पास करून टाकतं. मैत्रिणीने एकदा मुद्दाम 'दस्यू'च्या जागी 'दसू' म्हणून पाहिलं, म्हणजे 'वर'च्या जागी 'खाली'. हिरवी खूण! एवढा समजूतदारपणा शेजाऱ्याने दाखवला तर बरं वाटतं, शिकवणाऱ्याने दाखवला तर फी परत मागावीशी वाटते.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. फ्रेंचमध्ये एकट्या 'यू' अक्षराने जो स्वर लिहितात त्याला देवनागरीत चिन्ह नाही. मी त्यू, र्‍यू, दस्यू असं लिहिते आहे, पण मधला 'य' उच्चारायचा नाही. जीभ 'ई'ची आणि ओठ 'ऊ'चे, एवढंच त्यातून समजायचं.

आता प्राट काय दाखवतं ते. स्वर उच्चारताना घशाची आणि तोंडाची पोकळी काही ठरावीक कंपनसंख्या उचलून धरते, त्यांना फॉर्मंट म्हणतात. जबडा जितका उघडा तितका पहिल्या फॉर्मंटचा आकडा मोठा. दुसरा जिभेचा ठावठिकाणा सांगतो : जीभ पुढे असेल तर आकडा मोठा, जीभ मागे जाऊन ओठ गोल झाले की लहान. शब्द रेकॉर्ड करायचा, 'व्ह्यू अँड एडिट' दाबायचं, की करड्या चित्रावर लाल ठिपक्यांच्या रांगा दिसतात. त्या याच फॉर्मंटच्या. स्वराच्या मधोमध क्लिक करून कीबोर्डवरचं एफ-टू बटण दाबलं की दुसऱ्या फॉर्मंटचा आकडा हर्ट्झमध्ये मिळतो. एक सेटिंग मात्र आधी बघा. फॉर्मंटची वरची मर्यादा बायकांच्या आवाजासाठी साधारण ५५०० हर्ट्झ आणि पुरुषांसाठी ५००० ठेवतात. ती आवाजाला साजेशी नसेल तर 'ऊ'चे पहिले दोन फॉर्मंट एकमेकांत मिसळतात, भलताच आकडा येतो, आणि आपण विनाकारण आपल्या जिभेला दोष देत बसतो.

इंग्रजी भाषकाला फ्रेंचमधला कुठला स्वर अवघड जातो असं विचारा, शंभरातले नव्वद लोक 'त्यू'चं नाव घेतील. शिकवणीही सगळी त्याचीच असते : 'ई' म्हणत राहा, जीभ हलवू नका, ओठांचा चंबू करा. युक्ती खरी आहे. मैत्रिणीला ती लवकर जमली आणि प्राटवर आकडेही ठीक दिसले. तरीही तिचं 'र्‍यू' कुठलं आणि 'रू' कुठलं, म्हणजे रस्ता कुठला आणि चाक कुठलं, हे ऐकणाऱ्याला कळेना. शेवटी तिचं 'रू' रेकॉर्ड केलं. दुसरा फॉर्मंट दीड हजाराच्या वर! फ्रेंच माणसाच्या नीट, सावकाश म्हटलेल्या 'रू'मध्ये तो हजाराच्या खाली असतो. नव्या स्वरात काही बिघाड नव्हता. बिघाड होता तो जो स्वर आपल्याला येतोच असं ती धरून चालली होती त्याच्यात.

याचं कारण इंग्रजीत आहे. उत्तर अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्याही बऱ्याच बोलींत 'टू', 'डू' यांतला 'ऊ' तोंडात पुढे सरकला आहे, विशेषतः 'ट', 'ड' यांच्यानंतर. त्यामुळे अशा माणसाचं फ्रेंच 'तू' (सगळं) फ्रेंच कानाला अर्ध्या वाटेने 'त्यू'कडे (तू, एकेरी) गेलेलं ऐकू येतं. जेम्स फ्लेगे या संशोधकाने १९८७ साली नेमकं हेच मोजलं होतं. पॅरिसमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या इंग्रजी भाषक अमेरिकनांना 'त्यू'चा परका स्वर फ्रेंचांसारखा साधला होता, 'तू'चा मात्र नाही. ज्या स्वराला आपल्या भाषेतला भाऊबंद सापडतो त्याच्याकडे कान पुन्हा वळूनच बघत नाही. मला विचाराल तर इंग्रजी भाषकांसाठीच्या पुस्तकांनी पहिला धडा 'त्यू'चा नाही, 'तू'चा द्यावा.

उपायही आम्हाला इंग्रजीतच मिळाला. 'पूल', 'कूल' या शब्दांत पुढच्या 'ल'मुळे स्वर मागेच राहतो. म्हणून 'पूल' म्हणायला घ्यायचं, ओठ आणखी आवळायचे आणि 'ल' यायच्या आत थांबायचं. मैत्रिणीचा आकडा असाच खाली उतरला. आपल्याला इथे फुकटचा फायदा आहे, कारण मराठी 'ऊ' मुळातच मागचा. पण गंमत बघा : 'नू', 'झनू' अशा इंग्रजीत नसलेल्या शब्दांत माझा स्वर सरळ असतो, आणि 'ग्रूप', 'सूप' दिसले की तोच स्वर ऑफिसच्या इंग्रजीच्या वळणाने जातो. कानाला हे कधीच जाणवलं नसतं. आकड्यांत ते दर वेळी दिसतं.

'ए' आणि 'ओ' पटकन सुधारले. इंग्रजी 'डे' आणि 'गो' यांतले स्वर शेवटी 'इ' आणि 'उ'कडे घसरतात. फ्रेंच 'ते' (चहा) आणि 'बो' (देखणा) जागचे हलत नाहीत. प्राटवर आकडासुद्धा लागत नाही, ठिपक्यांची रांग आडवी आहे की उतरती एवढंच पाहायचं. मराठी माणसाने हा भाग सोडून दिला तरी चालेल. त्याची अडचण पुढच्या पायरीवर आहे : फ्रेंचमध्ये मिटका 'ए' आणि उघडा 'ए' असे दोन आहेत, आणि माझा उघडा 'ए' एक तर साधा 'ए' होतो नाही तर थेट 'बॅट'मधला 'ॲ'. इंग्रजी भाषकाकडे तो 'बेड'मध्ये तयार असतो. इथे मैत्रीण मला हसते.

'पे' म्हणता म्हणता ओठ 'पो'सारखे गोल केले की 'थोडं' या अर्थाचा फ्रेंच शब्द होतो. कॅनडातल्या इंग्रजी भाषकाला याला जवळचा वाटतो तो 'बर्ड'मधला स्वर, आणि त्याच्यामागून तो जीभ वळवणारा 'र' येतोच. हे पकडायला तिसरा फॉर्मंट बघा. इंग्रजी 'र' मिसळला की तो खूप खाली येतो, दुसऱ्याला जवळजवळ चिकटतो. फ्रेंच स्वरात तसं होत नाही.

अनुनासिक स्वरांपाशी मात्र प्राटची फॉर्मंट-मोजणी हात टेकते. नाकाची पोकळी स्वतःचे घुमारे मिसळते आणि काही कंपनसंख्या गिळून टाकते. प्राट ज्या पद्धतीने हिशेब करतं त्यात या गिळलेल्या भागाला जागाच नाही, त्यामुळे ठिपके वाटेल तिकडे उड्या मारतात. त्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. करड्या चित्राचा एक उपयोग मात्र आहे. 'बोँ' (चांगला) म्हटल्यावर शेवटी चित्र एकदम फिकट होऊन एक पट्टा उरत असेल तर तुम्ही 'न्' किंवा 'ङ्' जोडलेला आहे. इंग्रजी माणूस तो जोडतोच. प्रमाण मराठीतही अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे 'न्', 'म्' होतो, म्हणून आपणही जोडतो. मला सुटका मिळाली ती आजोळच्या मालवणीत. 'खंय'मधला नाकातला स्वर तसाच धरून ठेवायचा आणि तोंड कुठेही मिटू द्यायचं नाही. ज्यांच्या घरी कोकणी किंवा मालवणी आहे त्यांनी पुस्तकातल्या आकृत्या बघण्याआधी आजीशी बोलावं.

बाकी नाकातलं काम कानानेच करावं लागतं, आणि त्यासाठी आम्ही आंकी वापरतो. हे कार्डांवरून उजळणी करून घेणारं ॲप, जे कार्ड जमतं ते लांबच्या तारखेला ढकलतं आणि जे चुकतं ते पुन्हा पुन्हा समोर आणतं. कार्डावर फक्त आवाज, ओळखायचं की हे 'वाइन' होतं, 'वारा' होतं की 'जातात'. शब्द फॉर्वो या, लोकांनी आपापल्या भाषेतले शब्द म्हणून ठेवलेल्या साइटवरून घेतो, एकेक शब्द जितक्या वेगवेगळ्या माणसांचा मिळेल तितका. एकाच बाईच्या आवाजावर सराव केला की आपण ती बाई ओळखायला शिकतो, स्वर नाही. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी जपानी लोकांना इंग्रजी 'र' आणि 'ल' याच तऱ्हेने, अनेक आवाजांतून ऐकवून शिकवले होते.

फॉर्वोवर बोलणाऱ्याचा देश बघून घ्या, नाहीतर गोंधळ ठरलेला. पॅरिसमधला वाइनचा 'व्हॅँ' हल्ली मोकळा होत 'व्हाँ'कडे गेला आहे आणि वाऱ्याचा 'व्हाँ' 'व्होँ'कडे. क्वेबेकमध्ये उलटी गंगा : वाइन 'व्हेँ'च्या जवळ, आणि वारा पुढे येऊन 'व्हॅँ'च्या जवळ. म्हणजे मॉन्ट्रियलकर 'वारा' म्हणतो तेव्हा पॅरिसकराला 'वाइन' ऐकू येऊ शकते. शिवाय इथे 'त्यू' म्हणताना 'त'च्या जागी 'त्स' येतो, आणि व्यंजनाने संपणाऱ्या 'तूत', 'व्हीत' अशा शब्दांतले स्वर सैल पडतात. पॅरिसची पट्टी लावून क्वेबेकचा 'तूत' मोजाल तर इथे जन्मलेला माणूससुद्धा नापास होईल. आम्ही सुरुवातीचे नमुने बदलून सगळे क्वेबेकच्या लोकांचे घेतले, तेव्हा कुठे ऐकलेलं आणि मोजलेलं जुळायला लागलं.

खरेदीच्या भाषेत सांगायचं तर खर्च शून्य. लॅपटॉपचा माइक चालतो, फक्त पंखा बंद करा. मोबाइलवर प्राट नाही, त्यामुळे बसमध्ये सराव करायचा तर आंकीच. प्राट शाबासकी देत नाही आणि बरोबर काय तेही सांगत नाही. शेजारी नमुन्याचा आवाज तुम्हीच ठेवायचा, तोही शक्यतो बाईच्या आवाजाला बाईचा आणि पुरुषाला पुरुषाचा, कारण तोंडाच्या मापाप्रमाणे आकडे बदलतात. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसलं की स्वर सोडून आकडाच गाठायचा खेळ सुरू होतो आणि तोंड वेडंवाकडं करून तो गाठताही येतो. तेव्हा थांबावं. दुकानात आता दोघींनाही बहुतेक वेळा फ्रेंचमध्येच उत्तर मिळतं, निदान पहिली दोन वाक्यं.

फ्रान्सच्या धाटणीच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी चौथ्या अनुनासिकाची फार चिंता करू नये. 'ब्रँ' (तपकिरी) आणि 'ब्रॅँ' (काडी) पॅरिसमध्ये बहुतेकांच्या तोंडी एकच झाले आहेत. क्वेबेकमध्ये ते अजून वेगळे आहेत. मैत्रिणीची ही कार्डं केव्हाच महिनाभर पुढे गेली, माझी आंकी अजून रोज समोर टाकतं.